डॉ. व्हर्जिनिया ॲपगार : पहिल्या मिनिटाची पारख

झाशी शहराच्या प्रेमनगर भागातील एखादी स्त्री प्रसूतीसाठी तेथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झालेली असो, किंवा रत्नागिरीजवळच्या खेड्यातील एखादी स्त्री जिल्हा रुग्णालयात. मूल जन्माला आले की घरच्या माणसांचे लक्ष ते मुलगा आहे की मुलगी याकडे लागलेले असते. प्रसूतिगृहातील डॉक्टर आणि परिचारिका यांचे लक्ष मात्र त्या वेळी वेगळ्याच गोष्टींकडे असते. बाळाच्या हृदयाचे ठोके किती वेगाने पडतात, श्वास नीट सुरू झाला की नाही, हातापायांत जोर आहे की नाही, स्पर्शाला किंवा चिमट्याला ते प्रतिसाद देते की नाही आणि त्वचेचा रंग कसा आहे, या पाच गोष्टी पाहिल्या जातात. प्रत्येक गोष्टीला शून्य, एक किंवा दोन गुण देऊन त्यांची बेरीज बाळाच्या नोंदपत्रावर लिहिली जाते. या बेरजेला ॲपगार गुणांक म्हणतात. माणसाला आयुष्यात पुढे कितीतरी परीक्षा द्याव्या लागतात; पण त्याची पहिली परीक्षा जन्मानंतर एका मिनिटातच होते. ही परीक्षा जगाला देणाऱ्या डॉक्टर म्हणजे व्हर्जिनिया ॲपगार.

व्हर्जिनिया यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड या गावी झाला. वडील विमा कंपनीत नोकरीला होते. परंतु त्यांचे खरे मन रमे ते विज्ञानात. घराच्या तळघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. बिनतारी संदेश टिपणे आणि दुर्बिणीतून आकाश न्याहाळणे हे त्यांचे छंद होते. कुटुंबाला संगीताचीही आवड होती आणि व्हर्जिनिया लहानपणीच व्हायोलिन वाजवू लागल्या. या आनंदी घरावर आजारपणाची छाया मात्र कायम होती. त्यांचा एक भाऊ बालपणीच क्षयाने दगावला आणि दुसरा दीर्घकाळ आजारी असे. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा शाळेत असतानाच पक्की झाली होती. त्या काळी मुलीने असा निश्चय करणे ही साधी गोष्ट नव्हती.

माउंट होल्योक या महिला महाविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शिष्यवृत्तीच्या जोडीला त्यांना लहानमोठी कामे करावी लागत. प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणणे हेही त्यांतलेच एक काम होते. १९२९ साली पदवी मिळवून त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. तरीही कर्ज काढून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १९३३ साली आपल्या वर्गात चौथा क्रमांक मिळवला.

त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. त्या विषयाचे प्रशिक्षणही त्यांनी सुरू केले आणि त्यात चमक दाखवली. परंतु त्यांचे वरिष्ठ डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना या वाटेने न जाण्याचा सल्ला दिला. मंदीच्या दिवसांत पुरुष शल्यचिकित्सकांनाही पुरेसे रुग्ण मिळत नव्हते. मग स्त्री शल्यचिकित्सकाकडे कोण येणार, असा तो व्यवहारी विचार होता. व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळण्यास सुचवले. त्या वेळी रुग्णाला भूल देण्याचे काम बहुधा परिचारिका करीत असत आणि या शाखेला वैद्यकात फारशी प्रतिष्ठा नव्हती. ॲपगार यांनी हा सल्ला मानला. पण तो पराभव म्हणून स्वीकारला नाही. विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क येथे त्यांनी भूलशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. १९३८ साली त्या कोलंबियाच्या रुग्णालयातील भूलविभागाच्या प्रमुख झाल्या. कामाचा डोंगर, अपुरे सहकारी आणि कमी वेतन अशा स्थितीत त्यांनी अकरा वर्षे हा विभाग वाढवला. १९४९ साली त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला, तेव्हा त्याचे प्रमुखपद मात्र एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. ॲपगार यांना प्राध्यापकपद देण्यात आले. त्या महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

विभागाच्या कारभारातून मोकळ्या झाल्यावर त्या प्रसूतिगृहात अधिक वेळ देऊ लागल्या. तेथे एक गोष्ट त्यांना सतत खटकत असे. प्रसूतीच्या वेळी साऱ्यांचे लक्ष मातेवर केंद्रित झालेले असे. ते योग्यही होते. पण जन्मलेल्या बाळाची तपासणी ताबडतोब आणि ठरावीक रीतीने करण्याची पद्धतच नव्हती. बाळ निळसर दिसले, रडले नाही, तर ते मुळातच अशक्त आहे असे समजून कित्येकदा त्याची आशा सोडून दिली जाई. वेळीच प्राणवायू दिला असता, श्वासनलिका मोकळी केली असती, तर त्यांतील काही बाळे निश्चितच जगली असती. एक डॉक्टर ज्या बाळाला सुदृढ म्हणे, त्यालाच दुसरा अशक्त म्हणे. मग कोणत्या उपायाने किती बाळे सुधारली, हे तरी कसे ठरवायचे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना सकाळच्या न्याहारीच्या वेळी सुचले, असे सांगतात. १९४९ साली रुग्णालयाच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने नवजात बाळाची अवस्था कशी मोजावी असे विचारले. ॲपगार यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच लक्षणे लिहून काढली आणि लगेच प्रसूतिगृहात जाऊन ती पडताळून पाहण्यास सुरुवात केली. १९५२ साली त्यांनी ही पद्धत तज्ज्ञांच्या सभेत मांडली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराहून अधिक असतील तर दोन गुण, त्याहून कमी असतील तर एक आणि ठोके नसतीलच तर शून्य. अशीच विभागणी इतर चार लक्षणांची. एकूण गुण सात किंवा अधिक असतील तर बाळाची स्थिती समाधानकारक. तीन किंवा त्याहून कमी असतील तर तातडीने उपचार आवश्यक. पुढे जन्मानंतर पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा गुण देण्याचीही प्रथा पडली. या पद्धतीला कोणतेही यंत्र लागत नाही, खर्च येत नाही आणि ती कोणत्याही प्रशिक्षित परिचारिकेला अवलंबता येते. तिच्या मर्यादाही ॲपगार यांनी लपवल्या नाहीत. त्वचेचा रंग हे पाचांतील सर्वांत कमी भरवशाचे लक्षण आहे, हे त्यांनी आपल्या पहिल्याच निबंधात मान्य केले होते.

ही कल्पना सुचल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. डंकन हॉलाडे आणि स्टॅन्ली जेम्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नवजात बाळांच्या रक्तातील प्राणवायू व आम्लता मोजली आणि कमी गुण मिळालेल्या बाळांत प्राणवायूची कमतरता असते, हे दाखवून दिले. १९५८ साली १५,०००हून अधिक बाळांच्या नोंदींवर आधारलेला अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला. मातेला देण्यात येणाऱ्या सायक्लोप्रोपेन या भूलवायूमुळे बाळ मलूल होते, असेही या कामातून आढळले. हा वायू त्यांच्या आवडीचा होता. परंतु आकडे समोर येताच त्यांनी प्रसूतीच्या वेळी त्याचा वापर थांबवला. स्वतःच्या सवयीपेक्षा नोंदवहीतील पुराव्याला अधिक मान देणे, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष होता.

हजारो बाळांना तपासताना आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. काही बाळांचे गुण कमी येत, ते प्रसूतीतील अडचणीमुळे नव्हे, तर ती जन्मजात व्यंग घेऊनच आलेली असत. कुणाच्या हृदयाला छिद्र असे, कुणाचा ओठ व टाळू दुभंगलेला असे, कुणाच्या पाठीचा कणा उघडा राहिलेला असे. शंभर नवजात बालकांपैकी साधारणतः दोन ते तीन बालकांत असे एखादे गंभीर व्यंग आढळते. ते का उद्भवते आणि ते टाळता येईल का, याविषयी त्या काळी वैद्यकालाही फारच थोडी माहिती होती. वयाच्या पन्नाशीत, प्राध्यापकपदाची प्रतिष्ठा बाजूला ठेवून, ॲपगार पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या संख्याशास्त्राचा अभ्यास केला आणि १९५९ साली त्या विषयाची पदवी घेतली.

याच सुमारास अमेरिकेतील नॅशनल फाउंडेशन ही संस्था नव्या कामाच्या शोधात होती. पोलिओचा बीमोड करण्यासाठी १९३८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती स्थापन केली होती. १९५५ साली पोलिओची लस यशस्वी ठरली आणि संस्थेने जन्मजात व्यंगांचा प्रश्न हाती घेतला. १९५९ साली ॲपगार यांची संस्थेच्या जन्मजात व्यंग विभागाच्या संचालकपदी नेमणूक झाली. शस्त्रक्रियागृहात आयुष्य घालवलेली ही स्त्री आता गावोगाव फिरून मातापित्यांशी, डॉक्टरांशी आणि देणगीदारांशी बोलू लागली.

हे काम वरवर वाटते तितके सोपे नव्हते. व्यंग असलेले मूल जन्मणे ही अनेक घरांत लाजेची बाब समजली जाई. अशी मुले लोकांच्या दृष्टीआड ठेवली जात आणि दोष बहुधा मातेच्या माथी मारला जाई. आपल्याकडेही ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, अशी समजूत कितीतरी घरांत होती आणि काही ठिकाणी ती अजूनही टिकून आहे. जी गोष्ट लपवली जाते ती मोजली जात नाही आणि जी मोजली जात नाही तिचे कारण सापडत नाही. ॲपगार यांनी हा विषय उघडपणे बोलण्याचा केला. व्यंग हे पापाचे फळ नसून त्याला शोधता येण्याजोगी कारणे असतात, हे त्या साध्या भाषेत समजावून सांगत.

मोजणी न केल्याची किंमत किती भारी असते, हे जगाला लवकरच कळले. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आले. गरोदरपणातील मळमळीवरही ते अनेक देशांत दिले जाऊ लागले. काही काळाने हातपाय अपुरे वाढलेली बाळे जन्मू लागली. एकेका रुग्णालयात अशी एखाददुसरी बाळे दिसत आणि तो योगायोग समजला जाई. सर्व जन्मांची एकत्र नोंद कुठेच होत नसल्यामुळे धोक्याची घंटा वाजण्यास उशीर झाला. १९६१ च्या अखेरीस हे औषध जर्मनीत मागे घेण्यात आले, तोवर जगभरातील हजारो बालकांना त्याचा फटका बसला होता. या अनुभवातून अनेक देशांनी जन्मजात व्यंगांची नियमित नोंद ठेवण्यास सुरुवात केली. अमेरिकेत अटलांटा शहराच्या परिसरात १९६७ साली अशी नोंदपद्धती सुरू झाली. एखाद्या व्यंगाचे प्रमाण नेहमीपेक्षा अचानक वाढले, तर त्यामागील औषध, रोग किंवा विषारी द्रव्य तत्काळ शोधता यावे, हा या नोंदींचा हेतू असतो.

१९६४–६५ मध्ये अमेरिकेत रुबेला या रोगाची मोठी साथ आली. मोठ्या माणसाला हा ताप किरकोळ वाटतो. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो झाल्यास गर्भाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला पडतो. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने ही गोष्ट १९४१ सालीच निदर्शनास आणली होती. या एका साथीमुळे अमेरिकेत सुमारे २०,००० बालके जन्मजात व्यंगे घेऊन जन्मली. १९६९ साली रुबेलाची लस उपलब्ध झाल्यावर ॲपगार यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. माता आणि बाळ यांच्या रक्तगटांतील आर.एच. घटकाच्या विरोधामुळे होणारा आजार टाळण्यासाठी रक्ततपासणी करून घ्यावी, असाही त्यांचा आग्रह असे. उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते.

याच दशकात गर्भाची तपासणी जन्मापूर्वीच करणे शक्य होऊ लागले. १९५८ साली स्कॉटलंडमधील इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भाची प्रतिमा मिळवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. १९५९ साली डाउन सिंड्रोम या अवस्थेत पेशींमध्ये एक गुणसूत्र जास्त असते, असा शोध फ्रान्समध्ये लागला. गर्भाशयातील पाणी सुईने काढून त्यातील पेशींची वाढ करण्याचे तंत्र १९६६ साली साधले आणि १९६८ साली या गर्भजल परीक्षेद्वारे डाउन सिंड्रोमचे निदान जन्मापूर्वी करण्यात यश आले. ॲपगार यांनी या नव्या ज्ञानाचे स्वागत केले. १९७२ साली जोन बेक या लेखिकेच्या साहाय्याने त्यांनी सामान्य मातापित्यांसाठी जन्मजात व्यंगांवर एक पुस्तक लिहिले. निरनिराळी व्यंगे कशी उद्भवतात, त्यांवर कोणते उपचार होऊ शकतात आणि आनुवंशिक आजारांबाबत सल्ला कुठे घ्यावा, याची माहिती त्यात होती. निदान झाल्यावर आईवडिलांनी अंधारात राहू नये, मुलाच्या स्वागताची आणि उपचारांची तयारी त्यांना करता यावी, हा त्यामागचा विचार होता.

इतक्या धकाधकीतही त्यांचे व्यक्तिमत्त्व रसिले आणि खेळकर राहिले. प्रवासात त्या आपले वाद्य सोबत नेत. पुढे त्या स्वतःच वाद्ये बनवण्यास शिकल्या. रुग्णालयातील दूरध्वनीच्या खोलीत उत्तम मेपल लाकडाची एक फळी होती. ती वाद्यासाठी रीतसर मागूनही मिळेना, तेव्हा १९५७ साली त्यांनी मैत्रिणीच्या मदतीने एका रात्री तेथे तशाच रंगाची दुसरी फळी बसवून ती काढून आणली आणि तिचा उपयोग व्हायोलाच्या पाठीसाठी केला, ही हकीकत त्यांचे स्नेही हसत सांगत. कुठेही कुणाचा श्वास अडकला तर उपयोगी पडावे म्हणून त्या आवश्यक साधने नेहमी जवळ बाळगीत. त्यांनी विवाह केला नाही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ज्या रुग्णालयात त्यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे घालवली तेथेच, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी निरनिराळ्या देशांतील जन्मजात व्यंगांच्या नोंदी एकत्र करणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था अस्तित्वात आली. १९९४ साली अमेरिकेने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांच्या मृत्यूनंतरही मोजणीची ही परंपरा फळ देत राहिली. आधीच्या मुलाचा कणा उघडा राहिलेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिल्यास पुढच्या मुलातील हा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. भारतात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मतःच बालकाची तपासणी करून व्यंग शोधणे आणि त्यावर मोफत उपचार मिळवून देणे हे या कार्यक्रमाचे एक मुख्य काम आहे. २०१७ सालापासून देशात गोवर व रुबेलाची एकत्रित लस देण्यास प्रारंभ झाला.

परंतु याच ज्ञानाचा आपल्या देशात घोर गैरवापरही झाला. व्यंगांचे निदान करण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा आणि सोनोग्राफी गर्भाचे लिंग जाणून घेण्यासाठी वापरली जाऊ लागली आणि निरोगी मुलींना केवळ त्या मुली म्हणून जन्म नाकारण्यात आला. याविरुद्ध महाराष्ट्रातील महिला संघटना आणि जागरूक कार्यकर्ते यांनी लढा दिला. त्याचे फलित म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ साली संसदेने संपूर्ण देशासाठी कायदा संमत केला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. व्यंगांची मोजणी बालकांना वाचवण्यासाठी सुरू झाली होती. हे आकडे मात्र मोजणीची साधने चुकीच्या हाती गेल्यावर काय घडते ते दाखवतात. दुसरीकडे गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास मातेला कायदेशीर मार्ग उपलब्ध असावा म्हणून १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात २०२१ साली सुधारणा करण्यात आली आणि असा निर्णय वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर घेण्याची तरतूद झाली. साधन एकच असते. ते कोणत्या हेतूने हाती घेतले जाते, यावर त्याचे बरेवाईटपण अवलंबून राहते.

ॲपगार यांनी तयार केलेल्या पाच लक्षणांच्या यादीत बाळ मुलगा आहे की मुलगी, हे कुठेच नाही. ते कोणत्या जातीचे, कोणत्या घरचे, गरिबाचे की श्रीमंताचे, हेही नाही. श्वास, हृदय, जोर, प्रतिसाद आणि रंग एवढेच त्यात आहे. प्रेमनगरातील मजुराच्या बाळाला आणि न्यूयॉर्कमधील धनिकाच्या बाळाला ते एकाच मापाने मोजतात आणि गुण कमी पडले तर मदतीचा हात तितक्याच तत्परतेने पुढे करायला सांगतात. नव्याने जगात आलेल्या प्रत्येक जिवाकडे पहिल्याच मिनिटाला आपुलकीने आणि नेमकेपणाने पाहिले गेले पाहिजे, ही शिकवण डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी आपल्या कार्यातून जगाला दिली. आजही जगभरातील प्रसूतिगृहांत त्यांचे नाव दररोज उच्चारले जाते, ते या शिकवणीमुळेच.